आत शिकलेलं बाहेर लावताना

सुटकेच्या दिवशी गेटवर कुणी कागद मोजत बसत नाही. सही होते, जमा केलेलं सामान हातात येतं, बाहेर घरचे ताटकळत असतात. पण आत शिकलेलं पुढे कुठे लावायचं असेल, मग ते नोकरीसाठी असो, कॉलेजसाठी असो की तुरुंगाच्या कारभारात बदल मागण्यासाठी, पहिली पायरी या गेटवरच असते. तिथे राहिलेला कागद नंतरही मिळतो, पण अर्ज, स्मरणपत्र, परत अर्ज असं करत करत.

आम्ही म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले, आत राहून आलेले मराठी बोलणारे लोक. कुणाची केस काय होती हा इथला विषय नव्हे. आत शिकून बाहेर आल्यावर इतर कैद्यांसाठी जे काम करतो, ते कोणत्या क्रमाने होतं आणि कुठे अडतं, तेवढंच लिहितो आहोत. कायदा बराचसा बरा आहे असं आमचं मत झालं आहे. तो वाचून, तारीख घालून, नेमक्या टेबलावर नेऊन ठेवणारा माणूस मिळत नाही. आमचं शिकणं-शिकवणं या एकाच उणिवेभोवती फिरतं.

सुटताना घ्यायचे कागद असे: सुटकेचा दाखला, ज्यावर आत आल्याची आणि सुटल्याची तारीख असते, शिक्षा झाली असेल तर निकालपत्राची प्रत, जी कैद्याला मोफत मिळते, शिक्षेत मिळालेल्या माफीच्या दिवसांचा हिशेब, मजुरीच्या खात्याचा तपशील, केलेल्या कोर्सची प्रमाणपत्रं, परीक्षेची हॉल तिकिटं आणि मुक्त विद्यापीठाचा नावनोंदणी क्रमांक. दाखल्यावरचं नाव तिथेच उभं राहून वाचावं. आपल्याकडचा ज्ञानेश्वर इंग्रजीत डी-एन-वायने सुरू होतो, तोच कन्नडमधून इंग्रजीत गेला की जे-एनने. आधार एका स्पेलिंगचं, गुणपत्रिका दुसऱ्या, सुटकेचा दाखला तिसऱ्या, आणि पुढे प्रत्येक खिडकीवर ‘हे तिघं एकच’ असं प्रतिज्ञापत्र. वडिलांचं नाव आणि आडनाव यांची अदलाबदल तर नेहमीचीच, कारण आपल्याकडे नाव-वडील-आडनाव असा क्रम आणि इथल्या बऱ्याच फॉर्मांत आद्याक्षरांची पद्धत.

दुसरी गोष्ट पत्त्याची. इग्नूमध्ये, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, आतून नाव नोंदवलं की पत्ता तुरुंगाचा पडतो. पुस्तकं, गुणपत्रिका, पदवीचं प्रमाणपत्र त्याच पत्त्यावर येत राहतं आणि तिथून परत जातं. सुटल्याबरोबर पत्ता बदलण्याचा आणि अभ्यासकेंद्र बदलण्याचा, असे दोन वेगळे अर्ज करावे लागतात. पहिला करून दुसरा राहिला तर पुस्तकं घरी आणि स्वाध्याय तुरुंगाच्या केंद्रावर, अशी फाटाफूट होते. स्वाध्यायाचे गुण चढले नाहीत तर सत्रान्त परीक्षा पास होऊनही विषय अपुराच राहतो. इग्नूची फी-माफी बंदिवासातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तेव्हा पुढच्या वर्षाची फी बाजूला काढूनच ठेवावी. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. एप्रिल-मेमध्ये सुटणाऱ्याने जूनचं केंद्र कोणतं हे सुटायच्या आधीच विचारून घेतलेलं बरं.

आत शिकायला सुरुवात करणाऱ्याचा पहिला प्रश्न: कोणतं बोर्ड, कोणती भाषा? सीमाभागात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे. मराठी माध्यमात सातवी-आठवी झालेल्या माणसाला कर्नाटकची एसएसएलसी, म्हणजे दहावी, मराठी माध्यमातून खाजगीरीत्या देता येते, शिवाय वर्षात एकाहून जास्त परीक्षांची सोय आहे. पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, मराठी भाषा विषय म्हणून घेता येतो, पण बाकीचे विषय कन्नड किंवा इंग्रजीत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मराठीत पदवी घ्यावी असं प्रत्येकाच्या मनात येतं, कोल्हापूरच्या कळंब्याच्या तुरुंगातले ओळखीचे तसं करत असतात. ते इथून जमत नाही. राज्याच्या मुक्त विद्यापीठाचं कार्यक्षेत्र त्या राज्यापुरतं असतं, आणि आमचं बेळगावचं हिंडलगा कारागृह पडतं कर्नाटकात. राहतं इग्नू, आणि तिथलं बहुतेक साहित्य इंग्रजी-हिंदीत.

कच्च्या, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेल्या, कैद्यांना आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, सुचवतो. दहावीच्या माध्यमांत मराठी आहे. एक नोंदणी पाच वर्षं चालते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि एका वेळी एक-दोन विषय देऊन पास झालेले विषय जमा ठेवता येतात. हे महत्त्वाचं, कारण कच्च्या कैद्याचं वेळापत्रक त्याच्या हातात नसतं. परीक्षेच्या सकाळी कोर्टाची तारीख लागते. एस्कॉर्टचे पोलीस बंदोबस्ताला गेलेले असतात. मधेच दुसऱ्या तुरुंगात बदली होते. कधी जामीन होतो आणि माणूस अर्थातच परीक्षेसाठी थांबत नाही. एकगठ्ठा पाच विषयांची परीक्षा अशा माणसासाठी नव्हे. कोर्टाची तारीख आदळत असेल तर वकिलामार्फत आधीच अर्ज द्यावा, सोबत हॉल तिकिटाची प्रत. ऐन दिवशी सांगितलेलं कुणाच्या कामाचं नसतं.

बारावी टाळून थेट पदवीची वाट शोधणारे भेटतात. त्यांना आम्ही अडवतो, विशेषतः ज्यांना पुढे वकिली करायची इच्छा आहे त्यांना. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे दहावी-बारावीचा पाया नसताना मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी कायद्याच्या प्रवेशाला चालत नाही. सर्वसाधारण गटाला पदवीत ४५ टक्के गुण लागतात आणि एलएलबी पत्रद्वारा होत नाही, कॉलेजात हजर राहावं लागतं. शिक्षा झालेला माणूस वकील होऊच शकत नाही हा मात्र गैरसमज. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम २४-अ नुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर सनद मिळत नाही, पण सुटकेनंतर दोन वर्षं झाली की तो अडसर संपतो. ही दोन वर्षं मोजायची सुटकेच्या दाखल्यावरच्या तारखेपासून. गेटवरचा कागद इथे कामाला येतो.

पुस्तकं-वह्या आत जाताना तपासल्या जातात, ते योग्यच आहे. मराठी हस्ताक्षर वाचणारा कर्मचारी त्या पाळीला नसला की वही पडून राहते. अशा वेळी आम्ही वहीच्या पहिल्या पानावर विषय, पाठाचं नाव आणि पानांची संख्या कन्नडमध्ये लिहून देतो. तपासणाऱ्याला निदान काय हातात आहे ते कळतं. आणि कुणी म्हणालंच की कैद्याने लिहिलेलं बाहेर जाणार नाही, तर सर्वोच्च न्यायालयाचा जुना निकाल दाखवतो. प्रभाकर संझगिरी स्थानबद्धतेत असताना त्यांनी अणूविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं, ते छापायला बाहेर पाठवण्याची परवानगी नाकारली गेली, आणि १९६५ मध्ये न्यायालयाने सरकारला ती नाकारता येणार नाही असं ठरवलं. मराठी हस्तलिखितावरूनच तो कायदा ठरला आहे, तेव्हा निदान मराठी माणसाला तो माहीत हवा.

आता मुख्य अभ्यास, तारखांचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. शंभरातले पंचाहत्तर-शहात्तर अजून गुन्हेगार ठरलेलेच नाहीत. त्यांना सगळ्यात उपयोगी पडणारं गणित भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे. गुन्ह्याला जी कमाल शिक्षा सांगितली आहे तिच्या निम्मा काळ कोठडीत गेला तर जामिनावर सोडायचं. पूर्वी कधी शिक्षा झाली नसेल तर एक-तृतीयांश काळ पुरतो. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, पण आधीच्या केसेसनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं.

गणित असं करून घेतो. साधी चोरी, आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), कमाल ३ वर्षं. पहिल्यांदाच अडकलेल्याला १२ महिने, इतरांना १८. घरातली चोरी, कलम ३०५, कमाल ७ वर्षं. एक-तृतीयांश म्हणजे २८ महिने, निम्मे म्हणजे ४२. केस जुनी असेल तर कागदावर आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, असते, म्हणून ३७९ म्हणजे आताचं ३०३(२), ४२० म्हणजे ३१८(४), ३०७ म्हणजे १०९, असा तक्ता भिंतीला लावलेला हवा. एवढं पाचवी शिकलेला माणूसही करतो.

चूक होते ती पुढे. एकाच दोषारोपपत्रात पाच कलमं असतात आणि माणूस सगळ्यात हलक्या कलमावर हिशेब करतो. धरायचं सगळ्यात जड. ज्या कलमात जन्मठेप ही एक शिक्षा म्हणून लिहिली आहे, तिथे हा नियमच लागू नाही. धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत, जुनं ३२६, नवं ११८(२), याला लोक ‘दहा वर्षांचं कलम’ म्हणतात आणि पाच वर्षं मोजत बसतात. पण त्यात जन्मठेपही लिहिलेली आहे, म्हणून ते बाद. आरोपीने स्वतः तारखा लांबवल्या असतील तर तो काळ वजा होतो. आणि ४७९(२): एकाहून जास्त गुन्ह्यांचे किंवा जास्त केसेसचे खटले चालू असतील तर या कलमाखाली सुटका नाही. या पोटकलमावर आमचा राग आहे. पोलिसांनी एकाच माणसावर दोन ठाण्यांत दोन किरकोळ चोऱ्या लावल्या की सगळं गणित कोसळतं, आणि सापडलेल्या माणसाच्या नावावर उघड न झालेल्या चोऱ्या चढतात हे आत राहिलेल्या कुणालाही विचारा.

मुदत भरली की न्यायालयात अर्ज करण्याची जबाबदारी ४७९(३) प्रमाणे तुरुंग अधीक्षकांची आहे. हे कैद्याला माहीत नसतं, तो वकिलाची वाट बघतो. आम्ही एका पानाचा अर्ज शिकवतो: नाव, कैदी क्रमांक, ठाणे आणि गुन्हा क्रमांक, कोर्ट आणि केस क्रमांक, कलमं, अटकेची तारीख, मध्ये जामिनावर असल्यास त्या तारखा, आजपर्यंतचे एकूण दिवस, पूर्वी शिक्षा आहे किंवा नाही. शेवटी एकच वाक्य, की ४७९ प्रमाणे मुदत अमुक तारखेला पूर्ण झाली, अर्ज पुढे पाठवावा. प्रत जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, प्राधिकरणाचे सचिव आणि तुरुंग अधीक्षक अशा पाच जणांची कच्च्या कैद्यांसाठीची आढावा समिती असते. आपलं नाव त्या बैठकीच्या यादीत येतं ते अशा अर्जाने. अर्जात आपण निर्दोष कसे, हे लिहायचं नाही. तसं लिहिलेलं चार पानी पत्र वाचताना कारकुनाच्या नजरेतून तारीखच सुटते.

जामीन मंजूर होऊनही माणूस आतच, हा दुसरा मोठा भाग. इथे बाहेरच्या लोकांना शिकवावं लागतं. जामीनदार म्हणून उभा राहणारा शेतकरी उतारा घेऊन येतो आणि उतारा अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असतो, वारसा लागलेला नसतो. किंवा चार भावांचा सामायिक असतो. किंवा अकराव्या कॉलममध्ये सोसायटीच्या कर्जाचा बोजा. जामीनदार शोधण्याआधी उतारा शोधा, असं आम्ही घरच्यांना सांगतो. चांगल्या मनाचा जामीनदार पुष्कळ मिळतो, स्वच्छ उताऱ्याचा क्वचित.

सीमेवर आणखी एक गाठ बसते. खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातल्या माणसाची सोयरीक चंदगड-आजऱ्यात असते, मेहुणा तिकडचा, त्याच्याकडे मराठीतला सातबारा. परराज्यातला आणि दुसऱ्या भाषेतला कागद बघून जामीनदार नाकारला जातो, ‘लोकल आणा’ म्हणतात. मोतीराम नावाच्या गवंड्याच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच यावर झोड उठवली आहे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी विचारलं होतं की न्यायालयाच्याच जिल्ह्यातला जामीनदार हवा, कागद स्थानिक भाषेतच हवा, हे कोणत्या कायद्यात आहे. आम्ही त्या निकालाची प्रत आणि सातबाऱ्याचा नोटरीकडून साक्षांकित केलेला कन्नड किंवा इंग्रजी तर्जुमा एकत्र लावतो. नुसता निकाल दाखवला तर साहेबांना उपदेश केल्यासारखं होतं, नुसता तर्जुमा दिला तर ‘लोकल’चा प्रश्न उरतो.

जामीनदार मिळतच नसेल तर ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश वापरायचे. जामिनाचा आदेश न्यायालयाने त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाला ई-मेलने पाठवायचा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जातमुचलका-जामीन भरला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. तारखा वहीत लिहून सातव्या आणि तिसाव्या दिवशी घरच्यांनी एकेक अर्ज द्यायचा, एवढाच धडा. केंद्राच्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेत कच्च्या कैद्याला जामिनाची आणि शिक्षा झालेल्याला दंडाची रक्कम मिळू शकते, २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तिची मर्यादा अनुक्रमे ४०,००० आणि २५,००० रुपये होती. प्रस्ताव जिल्हास्तरीय समितीकडे जातो; मागितल्याशिवाय तो निघत नाही.

घरच्यांची शिकवणी तुरुंगापेक्षा कोर्टाच्या आवारात चांगली होते. माजी कैद्याला वर्ग घ्यायला सहज आत सोडत नाहीत, आणि त्यामागची सुरक्षेची शंका समजण्यासारखी आहे. प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक म्हणून निवड झाली तर ओळखपत्रावर जाता येतं. योजनेत दीर्घ शिक्षा भोगणारे, चांगल्या वर्तणुकीचे शिकलेले कैदीही स्वयंसेवक होऊ शकतात, म्हणजे शिकवणारा आतच तयार करता येतो. बाहेर आम्ही घरच्यांकडून एक कार्ड भरून घेतो. त्यावर सगळ्यात महत्त्वाचा केसचा सीएनआर क्रमांक, सोळा अक्षर-आकड्यांचा. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये घातला की पुढची तारीख दिसते. पहिली दोन अक्षरं राज्याची: के-ए असेल तर केस इकडची, एम-एच असेल तर तिकडची. आपल्या भागात एकाच माणसाची एक केस निपाणीत आणि एक गडहिंग्लजला असू शकते. दोन वकील, दोघांना एकमेकांची खबर नाही. इकडे जामीन होतो, पण तिकडच्या कोर्टाचं बॉडी वॉरंट, म्हणजे तिथे हजर करण्याचा हुकूम, आलेलं असतं आणि गेटवर आलेले घरचे रिकामे परततात. दोन्ही क्रमांक एका कार्डावर असले की निदान दोन्ही वकिलांना एकच कागद दाखवता येतो. वकील नसेल तर कोठडीतल्या प्रत्येकाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायदा सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

भाषेबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण इथे आपले लोक भावनेने जातात आणि अर्ज हरवतो. तक्रार कोणत्या भाषेत करावी? राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. म्हणून मराठीतला तक्रारअर्ज घेणार नाही, असं कुणी म्हणू शकत नाही. माहिती अधिकाराचं तसं नाही: तो अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये. वर कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. मराठीत दोन पानं लिहून पाठवलेला माहितीचा अर्ज परत येतो तेव्हा तो अन्याय नसतो, आपण नियम वाचलेला नसतो. पंधरा टक्के भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागदपत्रं, हा जो मुद्दा आपण नेहमी मांडतो, तो पालिका-पंचायतींसारख्या स्थानिक प्राधिकरणांच्या कारभाराशी जोडलेला आहे, तुरुंगाला लावता येत नाही. आणि सीमाप्रश्नाचा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा कैद्यांच्या निवेदनात आणायचा नाही. आणला की ते निवेदन दुसऱ्याच फाईलला लागतं.

आरोपीला मात्र भाषेचा हक्क पक्का आहे. अटकेची कारणं लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, आणि रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवलं आहे. साक्ष कळत नसेल तर खुल्या न्यायालयात तिचा अर्थ समजावून घेता येतो. त्यासाठी उभं राहून ‘कळलं नाही’ म्हणावं लागतं. बेळगावचा बराचसा मराठी माणूस कन्नड बोलतो, बाजारापुरतं. न्यायाधीशांनी विचारल्यावर मान हलवतो. बाजारातलं कन्नड आणि दोषारोपपत्रातलं कन्नड यांत फार अंतर आहे, हे आम्ही वर्गात एक छापील दोषारोपपत्र वाचायला देऊन दाखवतो.

आमचे अर्ज दोन रकान्यांत असतात, डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. कलमांचे आकडे आणि तारखा दोन्हीकडे इंग्रजी अंकांत, कारण देवनागरी आणि कन्नड अंकांत घाईत वाचणाऱ्याची गल्लत होते. कन्नड बाजू कन्नड मातृभाषेच्या माजी कैद्याकडून तपासून घेतो. आत राहिलेल्यांची ही एक जमेची बाजू: बराकीत भाषेवरून वेगळी चूल मांडता येत नाही.

गावात बोलायला गेल्यावर कसं बोलायचं, हेही शिकावं लागतं. आपल्या घराघरांत सीमालढ्यात तुरुंग भोगलेल्यांच्या आठवणी आहेत. हिंडलग्याला जाऊन आलेल्या सत्याग्रहीला हार घातले गेले. चोरीच्या संशयात तिथेच राहून निर्दोष सुटलेल्याला तसं कुणी विचारत नाही. म्हणून वक्त्याने स्वतःची कहाणी सांगून टाळ्या घ्यायच्या नाहीत, ४७९ चं गणित फळ्यावर मांडायचं. चालू केसबद्दल बोलायचं नाही, दुसऱ्या कैद्याचं नाव घ्यायचं नाही, आणि ज्या गावात फिर्यादीचं घर आहे तिथे कार्यक्रमच ठेवायचा नाही.

सुटलेल्यांचे प्रश्न थोडक्यात. मतदान आत असताना करता येत नाही, बाहेर आल्यावर येतं. शिक्षा झाली म्हणून मतदारयादीतून नाव जात नाही, घरी सापडला नाही म्हणून जातं, तेव्हा यादी बघून फॉर्म ६ भरावा. नोकरीच्या फॉर्ममध्ये गुन्ह्याची माहिती विचारली असेल तर खरी लिहावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालात हेच आहे: लपवणं हाच नोकरी जाण्याचा स्वतंत्र आधार होतो, उघड सांगितलेल्या किरकोळ प्रकरणाकडे मालक सहानुभूतीने बघू शकतो. ज्याला १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, सोडलं आहे, त्याला कलम १२ प्रमाणे शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. हे फॉर्मसोबत लिहून जोडावं. रौडी शीट, म्हणजे पोलिसांकडची गुंड म्हणून नोंद, ही वेगळीच गोष्ट, ती निर्दोष सुटल्यावरही आपोआप बंद होत नाही, वेगळा अर्ज लागतो.

एवढं हाताशी आल्यावर सुधारणा मागायची. एका पत्रातून पूर्ण यंत्रणा हलल्याचं उदाहरण आहे: सुनील बत्रा या कैद्याने सहकैद्याच्या छळाबद्दल न्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि त्यावरून १९७९ चा निकाल झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात तुरुंगातल्या नोंदवहीचा जातीचा रकाना काढायला सांगितला गेला, जातीवरून कामवाटप थांबवायला सांगितलं गेलं आणि राज्यांना नियम बदलायला तीन महिने दिले गेले. झाडूकाम कुणाकडे जातं हे आत राहिलेल्याला जेवढं माहीत असतं तेवढं कुणाला नसतं. अशा माणसाने तारीख-वार लिहून दिलेलं निवेदन पाहणी करणाऱ्या प्राधिकरणाला उपयोगी पडतं.

मागणी चुकीच्या दारात गेली की वर्ष जातं. तुरुंग हा राज्यसूचीतला विषय, तेव्हा खासदाराला दिलेल्या निवेदनाचा फारसा उपयोग नाही. ग्रंथालयात मराठी पुस्तकं, अभ्यासाची वेळ, परीक्षेच्या आठवड्यात कामातून सूट, हे अधीक्षकांच्या पातळीवर होऊ शकतं. शिक्षकांची पदं आणि परीक्षा केंद्र हे बंगळुरूच्या कारागृह महासंचालकांकडे आणि सरकारकडे. आढावा समितीच्या बैठका जिल्हा न्यायाधीशांकडे. प्रत्येकाला वेगळा अर्ज, एका अर्जात एकच मागणी. अकरा मागण्यांच्या निवेदनाला पोच मिळते, उत्तर मिळत नाही.

बेळगावकरांना एक सोय फुकट मिळाली आहे. सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरतं, बहुधा डिसेंबरमध्ये, आणि तेवढे दिवस बंगळुरू बेळगावात येतं. तिथे बाहेर उभं राहून निवेदन देणारे शेकडो असतात. त्याऐवजी ऑक्टोबरमध्ये माहिती अधिकारात विचारावं: गेल्या वर्षात आढावा समितीच्या किती बैठका झाल्या, ४७९(३) खाली किती अर्ज पाठवले, किती सुटले, जामीन मंजूर होऊन महिन्यावर आत राहिलेले किती. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ते आकडे हाती घेऊन नोव्हेंबरमध्येच आमदाराला भेटावं, कारण सभागृहातल्या प्रश्नाला आधी सूचना द्यावी लागते. मंत्र्यांचं लेखी उत्तर छापलं जातं, आणि पुढच्या अर्जात त्याचा क्रमांक देता येतो.

उत्तरं येतात ती कन्नडमध्ये, बरीचशी ‘योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठवले’ एवढीच. त्यावर डाव्या कोपऱ्यात फाईल क्रमांक असतो. पुढचा माहितीचा अर्ज त्या क्रमांकावर टाकावा: फाईल आज कोणत्या टेबलावर आहे, तिथे कधी आली, त्यावर कोणता शेरा आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्यालाही मुदत तीस दिवसांचीच.